गेटवरची खीर

सायकल चालवणारे लोक आपलं ध्येय किलोमीटरमध्ये सांगतात. मी माझं साबुदाण्यात सांगत असे.

हसा, हसा. पण सिंगापूरच्या बुकित बातोकला आमच्या ब्लॉकखालून निघायचं आणि कणीक मुरेपर्यंत परत यायचं, हे माझं पहिलं टार्गेट होतं. ते जमायला लागल्यावर तांदूळ भिजेपर्यंत. आणि साबुदाणा फुलेपर्यंत म्हणजे माझी मॅरेथॉन. घरी आल्या आल्या, हेल्मेटसुद्धा न काढता, मी पातेल्यात हात घालून एक दाणा बोटांत दाबायची. मध्ये अजून बारीक कण लागला तर शाब्बास, वेळेआधी पोचलो. पार मऊ झाला असेल तर वाटेत कुठेतरी सावलीला बसून आपण वेळ घालवला, आणि कुठे ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

ही सायकल मुळात माझी नव्हतीच. पुण्याला परत निघालेल्या एका शेजाऱ्याकडून ती माझ्या नवऱ्याने घेतली होती. नवरा जुरोंग आयलंडवर, म्हणजे कारखान्यांच्या बेटावर, केमिकल प्लँटमध्ये इंजिनिअर. त्यामुळे सायकलवर बसण्याआधी त्याने तिचं प्लॅनिंग केलं. रंगीत चौकोनांचा एक मोठा तक्ता छापून आणला आणि फ्रिजवर लावला. कोणत्या आठवड्यात कुठपर्यंत जायचं, कधी विश्रांती, कधी चढ, सगळं त्यात होतं. तक्ता इतका देखणा झाला की त्याला वाटलं, अर्धं काम संपलं. उरलेलं अर्धं काम मग कॉरिडॉरमध्ये आमच्या दाराबाहेर उभं राहिलं. पुढे दोन वर्षं मी त्यावर टॉवेल वाळत घातले. हँडलवर पंचे फार छान वाळतात.

त्या वेळी मी पंचेचाळिशीत होते. नागपूरला कॉलेजात असताना लेडीज सायकल चालवली होती, तेवढाच अनुभव. सायकलकडे माझं लक्ष गेलं त्याचं कारण व्यायाम नव्हतं. कारण होती खीर.

ती गोष्ट आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणाचं वाटेल. तसं ते होतंच म्हणा.

माझे सासरे नागपूरच्या एका कापडगिरणीत होते. बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी खीर होते, आणि खीरदान बाराच्या आत करायचं. भन्तेजी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून हा नियम. पण सासऱ्यांची ड्यूटी असली तर त्यांना कुठली घरची खीर? मग सासूबाई विहारातली वंदना आटोपून, पांढरं पातळ नेसून, डबा घेऊन चालत गिरणीच्या गेटवर जायच्या. माझा नवरा तेव्हा लहान होता, त्यांच्या पदराला धरून सोबत. बाराच्या भोंग्याआधी सासरे गेटवर यायचे, उभ्यानेच खीर खायचे आणि परत आत. पुढे सासरे गेले, गिरणी बंद पडली, नवरा स्वतः एका कारखान्यात लागला. सासूबाईंनी फक्त गेट बदललं. मुलाच्या गेटवर दोन बस बदलून डबा घेऊन हजर.

मग आम्ही सिंगापूरला आलो. दर पौर्णिमेला फोन यायचा आणि त्या म्हणायच्या, "तुयं गेट फार लांब झालं रे बाप्पा."

आमच्या घड्याळाशी मात्र त्यांचं कधीच जमलं नाही. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे, हे त्यांना पटतच नसे. त्यांची संध्याकाळची चहाची वेळ झाली की त्या निवांत फोन लावायच्या, आम्ही इकडे जेवून भांडी घासत असायचो. "एवढ्यात जेवले? कायची घाई आहे रे तुमच्या घड्याळाले?" हे दर वेळी. नवरा दर वेळी पृथ्वी, सूर्य, पूर्व, पश्चिम समजावून सांगायचा. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ते असन. पन इथं तं अजून ऊन आहे."

त्या गेल्या तेव्हा नवरा बेटावर होता. बेटावरून निघायचं म्हणजे कंपनीची बस, चेकपोस्ट, मग घर, पासपोर्ट, विमान, मुंबई, आणि पुढे नागपूरचं दुसरं विमान. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परत आल्यावर तो रडला नाही. फक्त कंपनीच्या बसच्या स्टॉपवर अर्धा तास आधी जाऊन उभा राहू लागला. वरून खिडकीतून मला दिसायचं. रिकामा स्टॉप, आणि त्यात एकटा माझा नवरा, गळ्यात पास, येणाऱ्या रस्त्याकडे डोळे. सिंगापूरमध्ये बस चुकायला प्रतिभा लागते, पण त्याला तेवढाही धोका नको होता.

आणि एका रविवारी, ताटावरून उठता उठता, तो म्हणाला, "यंदा पौर्णिमेला खीर करू नको."

"का?"

"शटडाऊन आहे. सुट्टी नाही मिळणार."

वेसाक डे, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, सिंगापूरला सार्वजनिक सुट्टी. पण शटडाऊन म्हणजे अख्खा प्लँट बंद करून आतून घासूनपुसून घ्यायचा काळ, तेव्हा इंजिनिअरला कसली सुट्टी? हे खरंच होतं. पण खीर न करण्याचं ते कारण नव्हतं, हेही खरं होतं. मी मान हलवली. लग्नाला वीस वर्षं झालेली बायको मान हलवते तेव्हा नवऱ्यांनी सावध व्हावं.

मी ठरवलं, खीर होणार. आणि गेटवर होणार.

"टॅक्सीने जा ना मग," आमची मुलगी म्हणाली. ती चौदा वर्षांची, सिंगापूरच्या शाळेतली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. हे मात्र ती मराठीत बोलली, इतकी तिला माझी काळजी वाटली.

"टॅक्सीने आली तर ती डिलिव्हरी. आपल्या पायांनी आणली तर ती खीर."

"तू चालत जाणार? जुरोंग आयलंड? मम्मी, कॅनॉट लाह!"

मी दाराबाहेर बोट दाखवलं. टॉवेलांखालून सायकलची घंटी डोकावत होती.

मुलीने एकदा सायकलकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मधल्या भागात जरा रेंगाळून. मग म्हणाली, "ओके. आय विल बी कोच."

तिच्या शाळेत धावण्याउड्यांची परीक्षा असते आणि त्यात गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ असे दर्जे मिळतात. तिने ते जसेच्या तसे मला लावले. एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन आणि परत, ब्रॉन्झ. जुरोंग ईस्ट आणि परत, सिल्व्हर. जुरोंग आयलंडचं गेट, गोल्ड.

मी पहिल्याच रविवारी गोल्डला निघाले. मी मुळातच नाटकी बाई. ब्रॉन्झसाठी कोण घाम गाळणार? पहाटे थाटात निघाले, घंटी वाजवली, व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, ताई-ची करणाऱ्या दोन चिनी आजींना हात केला. बुकित म्हणजे टेकडी. हे मला त्या भागात इतकी वर्षं राहून माहीत होतं, पण गुडघ्यांना त्या दिवशी कळलं. परत आले ती सायकल ढकलत. आजींनी आता मला हात केला.

कोच बाल्कनीसारख्या कॉरिडॉरमधून पाहत होती. वर गेल्यावर म्हणाली, "मम्मी, डोन्ट सी द गेट. सी द नेक्स्ट लॅम्पपोस्ट."

एवढं शहाणपण माझ्या पोटी कसं जन्मलं, देव जाणे. म्हणजे, आम्ही देव मानत नाही, पण तरी.

तर पुढच्या दिव्याचा खांब, मग त्याच्या पुढचा. पण खांब मोजत गेलं की मला कंटाळा यायचा आणि घरची कामं तशीच राहायची. म्हणून मी स्वयंपाकघर जोडीला घेतलं. कणीक भिजवून झाकायची आणि निघायचं. ती कोरडी पडायच्या आत परत आलंच पाहिजे, कारण आठ वाजता पोळ्या. यात आळसाला जागाच नसते. घड्याळाला फसवता येतं, कणकेला नाही.

पुढचा टप्पा वजनाचा. कॅरिअरला रबरी दोरीने स्टीलचा डबा बांधला. पहिल्या दिवशी रिकामा. तो एवढा खडखडला की कुत्री फिरवणारे लोक बाजूला झाले. मग पाणी भरून. उतारावर पाणी झाकणातून माझ्या पाठीवर. मग लिटल इंडियात जाऊन घट्ट झाकणाचा डबा आणला. दुकानदाराने झाकण लावून डबा उलटा करून दाखवला, एक थेंब नाही. मी खूश. मग गरम पाणी भरून जायचं आणि आल्यावर बोट घालून बघायचं. कोमट लागलं तर नापास. शेवटी युक्ती सापडली. पाणी अगदी उकळतं भरायचं, झाकण तळहाताने दाबून पक्कं बसवायचं आणि वर टॉवेल गुंडाळायचा. टॉवेलांना निदान सायकलवरची जुनी जागा परत मिळाली.

या सगळ्याचा नवऱ्याला पत्ता नव्हता, कारण मी निघायची तेव्हा तो स्टॉपवर जाऊन उभा असायचा, आणि रविवारी तो झोपायचा. फक्त एकदा त्याने विचारलं, "हल्ली रोज सकाळी डब्यात गरम पाणी का असतं?"

"पचनाला चांगलं," मी म्हणाले. हे काही खोटं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी त्याला सांगितलं, "उद्या बाराच्या आधी गेटवर ये. तुमची ती आतली बस असते ना, तिने."

"कशाला?"

"मी बोलावते म्हणून."

"शटडाऊनमध्ये..."

"जेवायला सुट्टी देतात की तेही शटडाऊन असतं?"

त्याने गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "येतो. टॅक्सी आधी बुक करून ठेव. सुट्टीच्या दिवशी उशीर होतो." उशीर हा शब्द त्याने जरा जपून उच्चारला, गरम भांडं उचलावं तसा.

पौर्णिमेला सकाळी आम्ही मायलेकींनी घरातल्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावली, वंदना घेतली. खीर उकळती होती तशीच डब्यात ओतली, झाकण दाबलं, टॉवेल गुंडाळला. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे. पातळ नेसून सायकल मारणं माझ्या नाटकीपणालाही झेपलं नसतं, म्हणून पांढरा सलवार-कमीज. कोचने बघून एकच वाक्य टाकलं, "मम्मी, व्हाइट? विथ द चेन?"

जुरोंग ईस्टपर्यंत मी राणीसारखी गेले. कोच बसने आधीच जाऊन तिथे पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "डोन्ट स्टॉप, डोन्ट स्टॉप! ड्रिंक अँड गो!" तिने बाटली माझ्या हातात कोंबली, अर्धी माझ्या तोंडात गेली, अर्धी गळ्यावर. मागून ओरडली, "मम्मी, गोल्ड अ‍ॅट द गेट!" आणि माझ्या सायकलच्या मागे थोडी धावलीसुद्धा. हे तिला आता आठवत नाही म्हणते. मला आठवतं.

पुढे कारखान्यांचा रस्ता. तो मी कधी केला नव्हता. दोन्ही बाजूंना शेड आणि कुंपणं, झाड कमी, ऊन भरपूर. मी फुटपाथवरून जात होते. सुट्टी असली तरी अधूनमधून टँकर जाई, आणि गेला की त्याच्या वाऱ्याने माझा दुपट्टा आधी पोचायची घाई करी. अशाच एका टँकरला घाबरून मी गचकन ब्रेक दाबला आणि चेन निघाली.

चेन बसवणं ही गोष्ट आमच्या टार्गेटमध्ये नव्हती. कणीक झाली, साबुदाणा झाला, चेनचं नावही कोणी काढलं नव्हतं. मी फुटपाथवर बसून ती काळी माळ हातात घेतली आणि कॉलेजचे दिवस आठवायला लागले. बोटं विसरत नाहीत, पण त्यांना वेळ लागतो. चेन बसली तेव्हा माझे हात, बाह्या आणि गुडघे, सगळं कोळशाच्या वखारीत काम केल्यासारखं झालं होतं. पौर्णिमेच्या शुभ्र वस्त्रांचं असं भजं कोणी केलं नसेल.

गेट दिसलं तेव्हा नवरा आधीच तिथे उभा होता. अर्थात. किती आधी, ते विचारायचं कारणच नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीत तो वाकून बघत होता. मी फुटपाथवरून त्याच्या मागच्या बाजूने आले आणि घंटी वाजवली.

तो वळला. आधी सायकल ओळखली, मग मला.

"तू?"

"नाही, माझी जुळी बहीण."

"सायकलवर?"

"हेलिकॉप्टरला पास लागतो म्हणाले."

तेवढ्यात चौकीतून गार्ड बाहेर आली. मलाय बाई, माझ्याच वयाची, गणवेश कडक. "आंटी, नो पास, कॅनॉट गो इन."

"आय डोन्ट वाँट टू गो इन. ही केम आउट."

तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, माझ्या कपड्यांकडे जरा जास्त. "यू टू फाइट, आह?"

"नो, नो. खीर," मी म्हणाले आणि टॉवेल सोडवून डबा पुढे केला.

नवऱ्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो डबा पाहत होता आणि त्याच वेळी डब्याच्या पलीकडे कुठेतरी पाहत होता. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग म्हणाला, "उघड."

मी झाकण ओढलं. हललं नाही. बाजूने ढोसलं. नाही. त्याने घेतलं, ओढलं. नाही. मी डबा धरला, त्याने झाकण, आणि आम्ही दोघं जुरोंग आयलंडच्या गेटवर रस्सीखेच खेळू लागलो. गार्ड पंच.

मग तो थांबला. "किती गरम भरली होतीस?"

"उकळती."

"आणि लगेच झाकण?"

"दाबून."

त्याने कपाळाला हात लावला. "अगं, आतली वाफ थंड होऊन बसली. आता आत व्हॅक्यूम आहे. बाहेरची हवा झाकण दाबून धरते."

सरावाच्या छोट्या फेऱ्यांत पाणी एवढं निवतच नसे, झाकण सहज सुटायचं. सगळी टार्गेटं मी जाण्याची ठेवली होती. पोचल्यावर डबा उघडण्याचं एकही नव्हतं.

"झाकणावर गरम पाणी ओतायला हवं," तो म्हणाला. गार्डला काय कळलं कोण जाणे, ती चौकीत गेली आणि तिच्या कॉफीच्या विजेच्या किटलीत पाणी भरून बटण दाबलं. आम्ही तिघं चौकीच्या दारात उभे राहून किटलीकडे बघू लागलो. किटलीच्या वर भिंतीवर घड्याळ होतं. पाणी कुरकुरायला लागलं. दोन्ही काटे एकमेकांवर आले, आणि मोठा काटा पुढे गेला.

बारा वाजून गेले.

मी फुटपाथच्या कडेला खाली बसले. कणीक, तांदूळ, साबुदाणा, सगळं पाण्यात गेलं. "झाला उशीर," मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. त्याच्यासमोर, त्या वर्षी, तो शब्द.

तो चौकीच्या दारातून बाहेर आला. मग माझ्या शेजारी बसला, तसाच, कंपनीच्या गणवेशात, माझ्या काळ्या बाहीला खांदा लावून. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ओठ थोडे वाकडे करून, त्याच्या आईच्या बोलीत म्हणाला,

"आईच्या घड्याळात तं आत्ता साडेनऊच वाजून राहिले ना."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"कायची घाई आहे?" तो म्हणाला.

आत किटलीचं बटण टक् करून वर आलं. गार्डने झाकणावर बेताने पाणी ओतलं, त्याने टॉवेलने धरून पिळलं, आणि झाकण असा आवाज करून सुटलं की मागच्या टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. खीर घट्ट झाली होती, पण गरम होती. वाटी मी दुपट्ट्याच्या टोकाला बांधून आणली होती. पहिली वाटी त्याची. त्याने उभ्याने खाल्ली, गेटकडे पाठ करून. मध्येच चष्मा काढून पुसला, खिरीची वाफ आली म्हणाला. खिरीत आता एवढी वाफ नव्हती, पण मी कुठे बोलते?

दुसरी वाटी गार्डची. "हलाल, आह?"

"ओन्ली मिल्क, राइस, शुगर."

तिने खाल्ली आणि मान डोलावली. "लाइक बुबुर," म्हणजे त्यांची तांदळाची पेज. "नेक्स्ट टाइम, डोन्ट क्लोज सो टाइट."

त्याची आतली बस आली. तो चढला, आणि वळून ओरडला, "डबा घरी नेताना झाकण उघडं ठेव!" बस हलली तरी तो दारातच उभा होता.

मग मुलीचा फोन. माझा तेव्हा साधा बटणांचा होता. "मम्मी! गोल्ड ऑर नॉट?"

"बाराला उशीर झाला."

"देन सिल्व्हर लाह."

"नागपूरच्या घड्याळाने गोल्ड," मी म्हणाले.

पलीकडे विचार चालू होता. मग कोच म्हणाली, "ओके. कॅन."

परतीचं टार्गेट आम्ही ठेवलंच नव्हतं. मी सायकल हातात धरून चालत निघाले, एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत. डबा उघडा, रिकामा, कॅरिअरवर खडखडत होता. मला अजिबात घाई नव्हती. साडेनऊच तर वाजले होते.